चिंधी बांधलेली काकडी

एकदा एका काकडीवरून एका शिष्याची पुढची सगळी वाट अडली. गोष्ट काकडीची आहे म्हणून हसू नये. मोठमोठी माणसं याहून लहान गोष्टींवर अडलेली आपण पाहतो, फक्त ती त्या गोष्टीचं नाव घेत नाहीत. यातल्या माणसांची नावं मात्र मी सांगणार नाही. नाव सांगितलं की लोक गाव विचारतात, गाव सांगितलं की नातं काढतात, आणि मूळ गोष्ट बिचारी उंबऱ्याबाहेर ताटकळत राहते.

नदीकाठच्या एका लहान गावात एक वृद्ध गुरुजी राहत होते. व्याकरणात त्यांचा अधिकार मोठा. दूरदूरचे विद्यार्थी त्यांच्या घरी राहून शिकत आणि पुढे आपापल्या मुलखात जाऊन पाठशाळा काढत. पण त्या घरची एक रीत होती. ग्रंथ पुरा झाला म्हणून कोणी उठून जात नसे. एखाद्या दिवशी गुरुजी आपण होऊन म्हणत, "आता जा." एवढे दोन शब्द मिळाले की विद्यार्थ्याचा शिक्षक होई. ते न मिळवता गेलेल्याला आसपासच्या गावांत कोणी शिकवायला उभं करत नसे.

आपला शिष्य त्या दोन शब्दांसाठी थांबला होता. त्याचं पाठांतर चोख, उच्चार स्वच्छ, शंका नेमकी. पहाटे सगळ्यांच्या आधी उठणारा तोच, आणि पोथ्या फडक्यात बांधून जागच्या जागी ठेवणाराही तोच. त्याच्या मागून आलेले गेले, गेलेल्यांनी पाठशाळा काढल्या, त्यांच्या विद्यार्थ्यांना विद्यार्थी झाले. याच्या मिशीत पांढरा केस डोकावू लागला, तरी गुरुजींचं आपलं "थोडं थांब" चालूच. का थांबायचं ते सांगत नसत. दर वेळी थांबायला सांगून एखादं काम तेवढं हातात देत.

त्या वर्षी त्यांनी परसबाग हातात दिली. गुडघे दुखतात, वाकवत नाही, म्हणाले. पावसाळी भाजीपाला तू बघ.

शिष्याला ती बाग पहिल्यापासून खटकत होती. खरं म्हणजे तिला बाग म्हणायचं ते गुरुजींच्या वयाला मान देऊन. तिथं ज्याला जिथं वाटेल तिथं तो उगवे. आदल्या वर्षीच्या सांडलेल्या बियांतून झेंडू भेंडीच्या वाफ्यात येई, गुलबक्षी विहिरीला टेकून उभी राही, आणि तेरडा तर भर वाटेत. वाटेतलं रोप उपटण्याऐवजी गुरुजी त्याला वळसा घालून जात. ते वळसा घालत म्हणून बाकीचेही घालत. पाऊस संपेतो वाटेला बाक आलेला असे. व्याकरणात एक मात्रा इकडची तिकडे खपवून न घेणारा हा माणूस बागेत इतका ढिला कसा, याचं शिष्याला कोडं पडे.

बाग हातात आली तशी त्याने ती सरळ केली. आपोआप उगवलेलं सगळं उपटून काढलं. भेंडीची ओळ, गवारीची ओळ, मध्ये हातभर जागा. दोडक्याला आणि काकडीला नवा मांडव. वाट ताणून सरळ केली. श्रावणात ती बाग अशी दिसू लागली की येणारा-जाणारा कुंपणाशी थांबून बघे. गुरुजीही रोज सकाळी येऊन बघत, मान हलवत, आणि काही न बोलता परत जात. त्या मानेचा अर्थ लावण्यात शिष्याचा अर्धा श्रावण गेला.

एका बाबतीत मात्र गुरुजी आडवे आले. परसाच्या टोकाला, न्हाणीचं पाणी जिथं जाऊन मुरतं, तिथं एक कोपरा होता. तेरडा, झेंडू, रानटी अळू, आणखी कायकाय, सगळं एकमेकांत गुरफटलेलं. दर वर्षी आश्विनात गुरुजी बियाण्याची काकडी फोडत, त्याच वेळी दुसरी एक चांगली पिकलेली काकडी उचलून त्या कोपऱ्यात भिरकावून देत. शिष्याने हे प्रथम पाहिलं तेव्हा त्याला वाटलं, हातून सुटली. दुसऱ्या वर्षी पाहिलं तेव्हा त्याने विचारलं. गुरुजी म्हणाले, "तो तिकडचा वाटा." एवढ्यावर गोष्ट संपली. आता बाग सरळ करताना त्याने कोपराही साफ करतो म्हटलं, तर गुरुजी म्हणाले, "तेवढा राहू दे." आणि काकूंनी, म्हणजे गुरुपत्नींनी, स्वयंपाकघरातून वेगळंच बजावलं. त्यांच्या घरी गौर तेरड्याची. गौरी येऊन जाईपर्यंत तेरड्याला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे, असा एकंदर सूर होता.

शिष्याने हात लावला नाही. पण एवढ्या देखण्या बागेच्या टोकाला ते जंगल त्याला बघवेना. त्याने बांबूची एक उंच ताटी विणली आणि कोपऱ्यापुढे उभी केली. काकू गौरीसाठी कडेकडेचा तेरडा बाजूने हात घालून काढू शकतील, एवढी फट ठेवली. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा न्याय त्याने बागेलाही लावला.

आता काकडीबद्दल थोडं. गुरुजींच्या मांडवावर जी काकडी होई तशी त्या पंचक्रोशीत दुसरीकडे नव्हती. लांब, फिकट, अंगावर पुसट रेघा, आणि कधीच कडू न निघणारी. आपल्याकडे काकडी चिरताना आधी देठाची चकती कापतात, ती कापल्या जागी घासतात, फेस येतो, आणि कडूपणा निघाला असं समजतात. त्या घरात हे कोणी करतच नसे. गुरुजींना हे बी त्यांच्या गुरूंकडून मिळालं होतं, आणि त्यांना त्यांच्या. दर वर्षी वेलावरची एक उत्तम काकडी हेरून काकू तिच्या देठाला जुन्या लुगड्याची निळी चिंधी बांधत. चिंधी बांधली की ती बियाण्याची. तिला कोणी तोडायचं नाही. ती वेलावरच जून व्हायची, पिवळी पडायची, मग तिचं बी काढून, गोवरीवर थापून, वाळवून, दुधीच्या कोरड्या तुंब्यात राख घालून ठेवायचं.

शिष्याने यंदा तुंबा पूर्ण रिकामा केला होता. मांडव नवा, मोठा. तो गच्च भरला पाहिजे. जिथं दोन दाणे पुरेत तिथं त्याने मूठभर टाकले आणि उगवल्यावर बळकट रोपं ठेवून बाकीची काढून टाकली. काकड्याही अशा लागल्या की रोज टोपली भरे. तो त्या कोवळ्या असतानाच तोडी आणि गावात घरोघर पाठवी. गुरुजींच्या शिष्याने बाग कशी केली हे गावाला कळायला नको का? नाव झालं. चिंधीची एक काकडी तेवढी वेलावर राहिली होती.

असा सगळा सरंजाम जमला असताना गौरींच्या चारदोन दिवस आधी निरोप आला. शेजारच्या मोठ्या गावचा एक व्यापारी गुरुजींच्या भेटीला येत होता. त्याने आपल्या गावी पाठशाळा बांधली होती. दगडी इमारत तयार, मुलं तयार, शिक्षक पाहिजे होता. गुरुजी देतील तो घेणार असं त्याने कळवलं होतं. मागून आलेला एक गुरुबंधू तीच जागा धरायला टपला आहे, हेही शिष्याच्या कानावर आलं. ही संधी गेली तर पुढची केव्हा, आणि तोवर मिशीचं काय होणार, हा विचार त्याला स्वस्थ बसू देईना.

व्यापारी आला. मोकळा माणूस, खाण्याचा शौकीन. येताक्षणी म्हणाला, गुरुजी, तुमच्या कडू न निघणाऱ्या काकडीची कीर्ती आमच्या बाजारापर्यंत आली आहे, आज तिची कोशिंबीर खाऊनच जाणार. काकूंनी शिष्याला परसात पिटाळलं.

शिष्य मांडवाखाली गेला आणि वर बघत राहिला. आदल्याच दिवशी त्याने टोपली भरून गावात पाठवली होती. वेलावर होत्या त्या बोटभर लांबीच्या, फुलं अजून टोकाला चिकटलेल्या. आणि एक ती, निळ्या चिंधीची. भरलेली, अजून पिवळी न पडलेली, सरळ.

चिंधीचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता असं नाही. पण वेल हिरवागार होता. भाद्रपद चालू होता. बोटभर काकड्यांपैकी एखादी पुढे बियाण्याला ठेवता येईल, अजून महिना आहे, असा त्याने विचार केला. विचार अगदी बरोबर होता. चुकीच्या कामाआधी माणूस करतो ते विचार बहुतेक वेळा बरोबरच असतात. त्याने काकडी तोडली, चिंधी सोडून कनवटीला लावली, विहिरीवर बसून काकडी सोलली, आतल्या भरू लागलेल्या बिया काढून बाजूला ठेवल्या आणि चिरून काकूंच्या हवाली केली. चिरलेल्या काकडीवर चिंधी दिसत नाही.

पंगत बसली. व्यापाऱ्याने कोशिंबीर मागून घेतली, पुन्हा मागून घेतली. बागेची, वाफ्यांची, सरळ वाटेची त्याने मनापासून स्तुती केली. ज्याला बाग अशी लावता येते त्याला मुलं का लावता येणार नाहीत, असंही म्हणाला. गुरुजींच्या घासात कोशिंबिरीतली एक चुकार बी आली असावी. ते क्षणभर थांबले, ती बी जिभेवर घोळवली आणि पानाच्या कडेला ठेवली. मग राहिलेली सगळी कोशिंबीर शांतपणे खाल्ली. शिष्य वाढत होता. त्याने ते पाहिलं आणि तो पुढच्या पानाकडे वळला.

हात धुताना व्यापाऱ्याने दोन गोष्टी मागितल्या. एक म्हणजे हा शिष्य, आणि दुसरं म्हणजे या काकडीचं बी. गुरुजी म्हणाले, "दोन्ही बरोबरच येतील. दसऱ्याला बी निघेल, ते घेऊन हा तुमच्याकडे येईल."

व्यापारी आनंदाने गेला. इतक्या वर्षांनी गुरुजींनी होय म्हटलं होतं, आणि शिष्याला काही सुचेनासं झालं. ज्या दिवशी हवं ते मिळालं त्याच दिवशी ते न मिळण्याची सोय त्याने आपल्या हाताने करून ठेवली होती.

अर्थात महिना हातात होता. बोटभर काकड्यांतली सगळ्यांत सशक्त निवडून त्याने तिला तीच चिंधी बांधली. गाठ तीन वेळा तपासली. पण भाद्रपदातलं ऊन कोणाचं ऐकत नाही. गौरी जाऊन दोन दिवस होत नाहीत तोच पाऊस उघडला, दिवसा चटका आणि पहाटे दंव, आणि मांडवावर भुरी आली. आधी कडेची पानं पांढुरकी झाली, मग मधली. इतके वेल इतके दाटीने होते की एकाचं दुसऱ्याला लागायला वेळ लागला नाही. चिंधीची काकडी वाढली नाही. देठाशी सुकून वाकडी झाली आणि एके सकाळी चिंधीसकट खाली पडलेली मिळाली. चिंधी पुन्हा त्याच्या कनवटीला गेली.

मग त्याला त्या दिवशी बाजूला ठेवलेल्या बिया आठवल्या. त्या त्याने वाळवून ठेवल्या होत्या. पाण्यात टाकल्या. चांगलं बी तळाला जातं, पोचट तरंगतं, हे कोणालाही माहीत असतं. सगळ्या वर आल्या आणि वाटीच्या कडेला गोल करून बसल्या.

तो गावात गेला. ज्या ज्या घरी त्याने टोपली पाठवली होती त्या त्या घरी विचारलं. कोणी काकडीची आठवण काढून तोंडाला पाणी आणलं, कोणी चहा दिला. बी मात्र कोणाकडेही नव्हतं. एका आजींनी तर उलट त्यालाच विचारलं, "तुमच्याकडून दर वर्षी येतेच की रे, मग आम्ही कशाला धरायचं बी?" दुसरीकडे एकाने आपल्या मांडवावरच्या काकडीचं बी देऊ केलं. शिष्याने ती काकडी चाखली. कडू होती. त्याने आभार मानले आणि तो परत आला.

दुसऱ्याच काकडीचं बी दिलं तर व्यापाऱ्याला काय कळणार होतं? हा विचारही त्याच्या मनात येऊन गेला; तो काही देवमाणूस नव्हता. पण व्यापाऱ्याला कळलं नसतं तरी पुढच्या वर्षी गुरुजींच्या घरी काकूंनी काकडी चिरून देठाची चकती घासायला घेतली असती, ते दृश्य त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. गुरूच्या गुरूकडून आलेली गोष्ट आपल्यापाशी येऊन संपली. पाठशाळा, आज्ञा, मिशी, सगळं त्यापुढे लहान झालं. त्याला फार वाईट वाटलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी तो गुरुजींपुढे जाऊन बसला. कनवटीची चिंधी काढून त्यांच्यापुढे ठेवली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं: तुंबा रिकामा केला ते, टोपल्या गावभर पाठवल्या ते, पाहुण्याच्या ताटासाठी काकडी तोडली ते. मला पाठशाळेत पाठवू नका, म्हणाला. ज्याच्या हातून एक बी राखलं गेलं नाही त्याच्या हाती मुलं कशाला द्यायची?

गुरुजींनी चिंधी उचलून गुडघ्यावर पसरली, तिच्या सुरकुत्या काढल्या.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"पाहुणा पानावर होता. आणि बोलून काकडी परत वेलाला लागत नाही."

त्यांनी रागावावं असं शिष्याला फार वाटत होतं. रागाने निदान हिशेब फिटल्यासारखा होतो. पण गुरुजींनी उद्याच्या तोरणाची आठवण काढली. बागेतला झेंडू तर तू उपटून टाकलास, म्हणाले, आता कोपऱ्यात मिळेल तो आण. ताटी काढ, तिचं काम झालं.

शिष्याने ताटी उपटली. मागे तेरडा वाळून तपकिरी झाला होता. बोंडं तडकून बिया कधीच उडून गेल्या होत्या. एखादं उरलेलं हात लागताच फुटे आणि दाणे त्याच्या मनगटावर येऊन पडत. त्यातून झेंडूची झाडं वर निघालेली, पाऊस खाऊन वाढलेली, फुलांनी वाकलेली. तो फुलं तोडत आत शिरला. एक झाड ओढलं तर त्याच्या मागून काहीतरी दोरीसारखं ओढलं गेलं. वाळलेला वेल होता. तो तेरड्यावरून झेंडूवर, झेंडूवरून अळूच्या आडून कुंपणापर्यंत गेला होता. शिष्याने तो हाताने चाचपत चाचपत शोधला, आणि पाल्याच्या ढिगात त्याच्या हाताला गारेगार काही लागलं.

पिवळीधमक, जून झालेली, अंगावर पुसट रेघा असलेली काकडी. एका टोकाला उंदराने कुरतडली होती. त्याच्या पलीकडे आणखी एक होती, तिची फक्त साल उरली होती.

तो ती तशीच मातीसकट दोन्ही हातांत धरून घरात आला. काकूंनी विळी पुढे ओढली. काकडी उभी फोडली, बी एका वाटीत काढलं, धुतलं, पाण्यात टाकलं. शिष्य वाकून बघत होता. दोनचार दाणे वर राहिले. बाकीचं सगळं हळूहळू तळाला गेलं.

मग शिष्याच्या मनात जी शंका येणं साहजिक होतं ती आली. वर्षानुवर्षं त्या कोपऱ्यात टाकलेली काकडी, कोपऱ्याला हात न लावू देणं, आणि नेमकं आजच ताटी काढायला सांगणं. त्याने विचारलं, "गुरुजी, तुम्हाला हे ठाऊक होतं ना?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "ठाऊक असतं तर मीच तिला चिंधी बांधली असती. आणि चिंधी बांधली असती, तर तीही त्या दिवशी ताटात गेली असती."

गुरुजींनी चिंधीची घडी घातली आणि ते पुढे म्हणाले, "चिंधी बांधू नये असं मी म्हणत नाही. जपायचं ते जपावंच. पण जे जपतो ते आपल्या हाताच्या टप्प्यात असतं, आणि हात माणसाचा असतो. त्याला कधी मोह पडतो, कधी घाई होते, कधी दारात पाहुणा येतो. तुझा हात वाईट आहे म्हणून हे झालं नाही. तुझा हात फार चांगला आहे, म्हणून तू सगळंच त्यात घेतलंस. माझ्या गुरूंनी मला तुंबा दिला तेव्हा सांगितलं होतं, यातलं थोडं दर वर्षी अशा जागी टाक, जिथं तू जाणार नाहीस. तिथं कधी उगवतं, कधी उंदीर खातो. आपण बघायचं नाही. तू मला विचारलंस तेव्हा मी एवढं सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू त्या कोपऱ्यालाही आळं केलं असतंस."

हे शेवटचं इतकं खरं होतं की शिष्याला त्या स्थितीतही हसू आलं. काकू तर उघडच हसल्या.

दुपारी बी गोवरीवर थापून उन्हात ठेवलं. चांगलं वाळायला आणखी काही दिवस लागणार होते, पण ऊन कडक होतं आणि शब्द दसऱ्याचा होता. शिष्याने त्याचे भाग केले. एक भाग तुंब्यासाठी, एक व्यापाऱ्यासाठी. थोडं बी अजून वाटीच्या तळाशी ओलं होतं. ते त्याने उचललं, परसात गेला, सरळ केलेल्या वाटेवरून टोकापर्यंत चालत गेला आणि कोपऱ्याच्या जरा अलीकडे थांबला. मग मान दुसरीकडे वळवून ते भिरकावलं. कुठे पडलं ते त्याने पाहिलं नाही.

मागे गुरुजी काठी टेकून उभे होते. झेंडूच्या तोरणाला आंब्याची पानं हवीत म्हणून ते बाहेर आले असावेत.

"आता जा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शिष्य व्यापाऱ्याच्या गावी पोचला. पाठशाळा नावाजली. त्याची शिस्त कडक होती, ती काही बदलली नाही. स्वभावाला औषध नाही. फक्त पाठ चालू असताना ओसरीकडचं दार तो कधी लावून घेत नसे. नाव न घातलेली दोनचार मुलं तिथं खांबाला टेकून बसत, ऐकत, कंटाळली की उठून जात. ती कोणाची, किती शिकली, हे त्याने कधी विचारलं नाही. वर्गातल्या एखाद्या हुशार मुलाने तक्रार केली तर तो ऐकून घेई आणि पुढचं सूत्र सुरू करी.

पहिल्याच दिवशी त्याने व्यापाऱ्याच्या हाती बी दिलं तेव्हा कसं लावायचं, केव्हा लावायचं, आणखी आठवडाभर उन्हात कसं ठेवायचं ते नीट सांगितलं. मग म्हणाला, "शेटजी, सगळं लावू नका, आणि लागतील त्या सगळ्या खाऊ नका. एका काकडीला चिंधी बांधून जपा. आणि एक कुठेतरी टाकून विसरून जा."

व्यापाऱ्याला ही गंमत वाटली. "मुद्दाम कसं विसरणार हो, शास्त्रीबुवा?"

शिष्याने थोडा विचार केला.

"ते मलाही जमत नाही," तो म्हणाला. "म्हणून मी नुसता तिकडे जात नाही."